ओर्तेन्सियाची चव्वेचाळीस पत्रं

१४ जानेवारी, झूटरमेर

डॉक्टरीणबाईंनी लिहायला सांगितलं म्हणून लिहिते आहे. इथे हॉलंडमध्ये हाउसआर्ट्सना, म्हणजे फॅमिली डॉक्टरांना, गोळ्या द्यायचं जिवावर येतं. रणजितला जाऊन तीन महिने झाले, मला झोप येत नाही, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, रोज चार ओळी लिहा. चार ओळींनी झोप आली असती तर सगळे लेखक घोरत पडले असते.

असो. आज पुन्हा हेगला अर्काइव्हमध्ये जायला लागले. पुण्याच्या प्रकाशकांना पुस्तक सप्टेंबरअखेर हवं आहे. रणजित होता तेव्हाच शब्द दिला होता, आता तो मागे घेणार नाही. इटालियन शिकले, इतिहासात एमए केलं, आणि दहा वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर ‘डिपेंडंट’ म्हणून भाज्या चिरल्या. आता तरी काहीतरी माझं म्हणून होऊ दे.

विषय फार छान आहे. मोंतेरावो नावाचं इटलीतलं चिमुकलं संस्थान, आपल्या मुळशी तालुक्याएवढं. साडेतीनशे वर्षांपूर्वी तिथला राजा तापाने गेला आणि त्याची अठ्ठावीस वर्षांची बायको ओर्तेन्सिया, नऊ वर्षांच्या मुलाच्या नावाने गादीवर बसली. दरबाऱ्यांना वाटलं, बाई रडत बसेल. बाईने संस्थानातली दलदल सुकवायला हॉलंडहून इंजिनिअर बोलावला. त्याला लिहिलेली तिची चव्वेचाळीस पत्रं त्याच्या कागदांबरोबर हेगला आली आणि पडून राहिली. कोणी हात लावलेला नाही. पहिलं पत्र आज उतरवलं. काय अक्षर आहे! काय तोरा आहे! ‘माझ्या पतीचे निधन झाले आहे, तरी पाण्याची पातळी मोजण्याचे काम थांबू नये.’

माझी लेक प्रांजली शाळेतून परस्पर चैत्रालीकडे गेली. चैत्राली आमच्याच इमारतीत राहते, तिची फार मदत होते.

२ फेब्रुवारी

पत्र क्रमांक सात. हिच्या दिराचा पहिल्यांदा उल्लेख आला. शेजारच्या मोठ्या संस्थानात तो मानकरी आहे. ‘ते आमची फार काळजी करतात,’ असं लिहिते. अगं बाई, दीर काळजी करायला लागला की आपण आपली काळजी करावी!

प्रांजलीच्या युफने, म्हणजे वर्गशिक्षिकेने, बोलावलं होतं. म्हणाली, ती मधल्या सुट्टीत कोणाशी बोलत नाही, डबा तसाच परत नेते. मी म्हटलं, वडील गेलेत, वेळ लागणारच. युफ म्हणाली, “आणि तुम्ही घरी तिच्याशी त्यांच्याबद्दल बोलता का?” बोलते की. म्हणजे ती विचारेल तेव्हा बोलेन. तिने विचारलेलंच नाही.

येताना ट्राममध्ये मी प्रांजलीला सातवं पत्र सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. “मामा, इज धिस लेडी डेड टू?” इथल्या मुलांसारखं ती आईला मामाच म्हणते. मी म्हटलं, हो, कधीच. 

११ मार्च

भाऊजी आणि वहिनी आले. हेमचंद्र भाऊजी रणजितपेक्षा अकरा वर्षांनी मोठे, त्याला वडिलांच्या जागीच. स्किपोल विमानतळावर मला बघून लहान मुलासारखे रडले. शामलावहिनींनी बॅगेतून मेतकूट, भाजणी, साटोऱ्या असं अर्धं पुणं काढलं. त्यांना मूलबाळ नाही. प्रांजलीला त्यांनी जवळ घेतलं आणि तीही त्यांच्या कुशीत शिरून बसली ती उठेचना. मला बरं वाटलं. किती दिवसांनी मी एक कप चहा गरम असताना प्यायले.

२० मार्च

घराचं रूपच पालटलं. वहिनी प्रांजलीला शाळेत सोडतात. सायकल येत नाही म्हणून चालत जातात, पावसात, नऊवारी नसली तरी साडीच नेसून. रस्त्यावरचे लोक वळून बघतात. भाऊजी तिला पाढे शिकवतात. ती इंग्रजीत उत्तर देते, ते मराठीत दुरुस्त करतात, आणि दोघं हसतात. मी आठवड्यातले पाच दिवस हेगला जाते आहे. पत्र क्रमांक एकोणीस.

ओर्तेन्सियाने मुलाला, फेदेरिकोला, दिराकडे पाठवलं! लॅटिन आणि घोडेस्वारी शिकायला, ‘केवळ हिवाळ्यापुरते’. पत्रात दोन पानं बंधाऱ्यावर आहेत आणि मुलावर शेवटची दीड ओळ. मला इतका संताप आला की पेन्सिलचं टोक मोडलं. तिथे शाईचं पेन चालत नाही. राज्य चालवायची अक्कल आहे, दलदलीतलं पाणी कुठून कुठे जाईल ते कळतं, आणि समोरचा माणूस काय करतो आहे ते कळत नाही?

प्रांजलीने आज वहिनींच्या हातचं पिठलं दोनदा मागून घेतलं.

१५ एप्रिल

जेवताना भाऊजींनी विषय काढला. “योगिनी, मे महिन्याच्या सुट्टीत पोरीला पुण्याला नेतो. आंबे खाईल, आईजवळ बसेल. आईने रणजितला शेवटचं पाहिलंही नाही गं.” सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत, अंथरुणाला खिळलेल्या. नाही म्हणण्यासारखं काय होतं? शिवाय मला पुढची सहा पत्रं झटक्यात करता येतील.

इथे लहान मूल आईवडिलांशिवाय परदेशी निघालं की संमतीचा फॉर्म लागतो. आज भरला. कोणाबरोबर, कुठे, पत्ता, जाण्याची तारीख. परतीच्या तारखेशी अडले. भाऊजी म्हणाले, “ओपन तिकीट आहे. तू काळजी नको करू, मी आणून सोडतो.” मी रकाना कोरा ठेवला आणि सही केली.

चैत्राली संध्याकाळी आली होती. तिने फॉर्मचा फोटो पाहिला. “तारीख का नाही घातलीस?”
“अगं, मोठे दीर आहेत.”
“म्हणून काय? फॉर्म आहे तो, लग्नपत्रिका नाही.”
“तारीख मागणं म्हणजे त्यांच्याकडून पावती घेतल्यासारखं झालं असतं. इतकं धावून आलेत माझ्यासाठी. कसं विचारू?”
तिने फोन मला परत दिला. आयटीतल्या मुली, त्यांना सगळीकडे कॉन्ट्रॅक्ट दिसतं.

२६ एप्रिल

गेले तिघं. स्किपोलवर प्रांजली म्हणाली, “जाते.” वहिनींनी तिच्या गालावर हलकीच चापट मारली, “जाते नाही म्हणू बाळा, येते म्हणावं.” तिने म्हटलं, “येते.” मग मला जवळ ओढून कानात विचारलं, “मामा, हाऊ मेनी पेजेस लेफ्ट?” माझ्या पुस्तकाची तिला किती काळजी! मी म्हटलं, साठेक. तिने मान डोलावली, जणू प्रकाशकच.

घरी आले आणि सोफ्यावर बसून खूप रडले. रणजित गेल्यावरसुद्धा असं मोकळं रडायला मिळालं नव्हतं, घरात सारखं कोणीतरी असायचं.

२९ एप्रिल

सहा पानं! तीन दिवसांत! सकाळी उठले की टेबलावर, डबा नाही, वेणी नाही, जिमचे कपडे नाहीत. दुपारी पाव आणि चीज खाल्लं उभ्याउभ्याच. किती वर्षांनी डोकं सलग चाललं. लिहायला लाज वाटते, पण इथे खोटं कोणासाठी लिहू? मला बरं वाटतं आहे.

११ मे

आज येणार होती. सकाळी भाऊजींचा फोन. सासूबाईंना पोरीचा लळा लागलाय, अजून पंधरा दिवस राहू दे, तिलाही सर्दी आहे, विमानात कान दुखतील. मी म्हटलं, पण शाळा? “नऊ वर्षांच्या पोराची कसली गं शाळा!”

प्रांजली फोनवर आली. “हाऊ मेनी लेफ्ट?” अठ्ठेचाळीस, म्हटलं. “ओके,” म्हणाली आणि आजीला सांगायला पळाली. आवाज टवटवीत होता. राहू दे पंधरा दिवस. ओर्तेन्सियाचं सव्विसावं पत्र अवघड आहे, सगळं पंपांचं वर्णन.

१ जून

रविवारचा फोन. एकतीस पानं राहिलीत सांगितलं. ती खुश. वहिनी मागून म्हणाल्या, “कपडे आपणच भरायला काढले होते गं तिने काल.” कुठे निघाली होती कोण जाणे. मुलांचे खेळ.

३ जून

शाळेने कळवल्यावर खेमेंतेकडून, म्हणजे नगरपालिकेकडून, पत्र आलं. शाळा चुकवणाऱ्या मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचं. तुमची मुलगी तीन आठवडे गैरहजर आहे, भेटायला या. गेले. माणूस सभ्य होता. त्याने विचारलं, परत कधी येणार? मी म्हटलं, लवकरच. त्याने टाइप केलं नाही, माझ्याकडे बघत बसला.

भाऊजींना फोन केला. जरा घाईत होते.

८ जून

प्रकाशकांनी दोन प्रकरणं वाढवायला सांगितली. समाजजीवनावर एक आणि स्त्रियांच्या स्थानावर एक. इतकं आवडलंय त्यांना! प्रांजलीला लगेच सांगितलं, “अगं, एकतीसची सत्तर झाली!” मला वाटलं तीही नाचेल. फोन कट झाला. तिकडे नेटवर्कची बोंबच असते.

१७ जून

भाऊजींनी फोटो पाठवला. निळा पिनाफोर, दोन वेण्या, कपाळावर टिकली, पाठीवर दप्तर. खाली लिहिलंय, ‘शाळेचा पहिला दिवस. वर्ष वाया जायला नको म्हणून तात्पुरती बसवली. रागावू नकोस.’

मी फोन केला. आठ वेळा. नवव्यांदा वहिनींनी उचलला आणि रडायला लागल्या. “अगं, इथे खाते-पिते, हसते. तिथे ती दिवसभर एकटी. आम्ही पाहिलं ना डोळ्यांनी. तुला दोष नाही देत, तू तरी काय काय करणार?” मागून भाऊजी म्हणाले, “योगिनीलाही येऊ दे की इकडे. वरची खोली रिकामीच आहे.”

मी जमिनीवर बसले. माझी मुलगी नेली त्यांनी. 

२४ जून

चैत्रालीने हेगमधल्या वकीलबाईंची वेळ घेऊन दिली. त्यांनी फॉर्म वाचला, कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. मग सांगितलं. एका देशातून दुसऱ्या देशात नेलेली मुलं परत आणायला आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याला याच शहराचं नाव आहे, हेग करार. भारताने त्यावर सही केलेली नाही.

मी रोज ज्या शहरात जाते, डबा खाते, जुन्या पत्रांवर वाकून बसते, त्या शहराचा करार माझ्या कामाचा नाही. पुण्यात कोर्टात जाता येईल, वर्षं लागतील. “आणि न्यायाधीश पहिली गोष्ट विचारतील,” त्या म्हणाल्या, “मुलीला काय हवंय.” मी म्हटलं, तिला मी हवी आहे. त्यात विचारायचं काय?

परवाचं तिकीट काढलं.

२९ जून, पुणे

दोन दिवस झाले. आज लिहायचं बळ आलं, म्हणजे आलेलं नाही.

दार वहिनींनी उघडलं. प्रांजली आतून धावत आली आणि दोन हातांवर थांबली. “आई!” मामा नाही, आई म्हणाली. “तुझं बुक झालं?”
“नाही गं, थोडं राहिलंय.”
तिचा चेहरा पडला. “मग तू का आलीस?”
मी हसले. “तुला न्यायला.”
“पण झालं नाही ना अजून.”

मला कळेना. वहिनींनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. प्रत्येक रविवारच्या चौकोनात प्रांजलीच्या अक्षरात आकडा. साठ, बावन्न, अठ्ठेचाळीस, एकेचाळीस, पस्तीस, एकतीस. तिने त्यांना सांगितलं होतं, आईला पुस्तक लिहायला घर रिकामं पाहिजे म्हणून मला इथे पाठवलंय, शून्य झालं की ती मला घेऊन जाणार. पस्तीसलाच तिने बॅग भरायला काढली होती. आठ जूनच्या चौकोनात सत्तर लिहिलंय, पेन इतकं दाबून की कागद फाटलाय. त्यानंतर कॅलेंडर कोरं.

“त्या दिवशी जेवली नाही,” वहिनी म्हणाल्या. “दुसऱ्या दिवशी स्वतःच ह्यांना म्हणाली, मला इथल्या शाळेत घाला. आम्ही घातली. सांगायला हवं होतं तुला, चुकलंच आमचं. पण योगिनी, कसं सांगायचं गं हे फोनवर?”

मी मोरीत जाऊन नळ सोडून बसले.

२ जुलै, पुणे

रोज विचारते. आज गच्चीवर दोघीच होतो, तेव्हा पुन्हा विचारलं. “पुस्तक गेलं चुलीत. मी सोडून देते. येतेस ना?”

तिने विचार केला. खरंच केला, तिच्या बाबासारखं खालचा ओठ आत घेऊन. “नको. मी इथे राहते. इट्स ओके, आई.”
“का पण?”
“काकू पुस्तक नाही लिहीत.”

एवढंच. रागाने नाही म्हणाली. राग असता तर मी तो काढू शकले असते. ती माझी समजूत घालत होती. माझी बांगडी फिरवत बसली थोडा वेळ, मग खालून मैत्रिणीने हाक मारली आणि गेली.

५ जुलै, पुणे

भाऊजी बोलले. आवाज चढवला नाही, तो त्यांचा स्वभावच नाही. “मी तुझी मुलगी पळवली असं वाटतं ना तुला? ने. आत्ता ने. पासपोर्ट कपाटात आहे. मी आडवा येणार नाही. पण पोरीला रडवत नेऊ नकोस. नाहीतर तू इथे राहा. तुझं घर आहे हे.”

वरची खोली पाहिली. स्वच्छ आहे. पलंग, कपाट, भिंतीवर रणजितचा हार घातलेला फोटो. वहिनींनी टेबलही ठेवलंय माझ्यासाठी. सकाळी सासूबाईंचं करायचं, दुपारी येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा, ‘बिचारी’ ऐकायचं, आणि वेळ उरला तर लिहायचं. कोणी त्रास देणार नाही. सगळे चांगले आहेत. तिथे उभी राहिले आणि खिडकी उघडायला धावले.

वहिनींना म्हटलं, घर आवरून येते. पंधरा दिवस लागतील.

६ ऑगस्ट, झूटरमेर

महिना होत आला. घर आवरलेलं नाही. चैत्राली रोज खोकी आणून देते, ती भिंतीला लावून ठेवली आहेत. कारणं बरीच आहेत. भाड्याच्या घराची नोटीस द्यायची आहे, परमिटचं विचारायचं आहे, अर्काइव्ह उन्हाळ्यात लवकर बंद होतं. सगळी खरी आहेत, एकही खरं नाही.

आज चैत्रालीने सरळच विचारलं, “जायचंय की नाही तुला?” मी म्हटलं, जायचंय. “मग तिकीट?” मी भिंतीची खोकी सरळ करत बसले. ती म्हणाली, “योगिनीताई, मी कोणाला सांगणार नाही, पण स्वतःला तरी सांग.”

सांगते. तारखेचा रकाना मी दिराच्या मानापायी कोरा ठेवला असं सगळ्यांना सांगितलं, वकीलबाईंनासुद्धा. थोडं खरं आहे ते. पण पेन हातात होतं तेव्हा मनात आलं होतं, दोन आठवड्यांऐवजी चार मिळाले तर बरं. मला वेळ हवा होता. माझ्या पोरीच्या वजनाएवढा वेळ मी मागून घेतला, आणि आता तो मला मिळाला आहे. रोज सकाळी उठते आणि समोर तो असतो, दिवसभर.

खूप वाईट बाई आहे मी. हे लिहूनही झोप येत नाही.

१९ ऑगस्ट

अर्काइव्हला गेले. जाणार नव्हते. पत्र क्रमांक एक्केचाळीस. फेदेरिको आता चौदा वर्षांचा, पाच वर्षं दिराकडे. ओर्तेन्सिया इंजिनिअरला लिहिते की दक्षिणेकडची दलदल पूर्ण सुकली, तिथे पहिल्यांदा गहू पेरला. मुलाबद्दल एकच वाक्य आहे: ‘माझा मुलगा उंच झाला आहे असे लोक सांगतात.’

मार्चमध्ये मी हिच्यावर पेन्सिल मोडली होती. आज वाक्य उतरवलं आणि पुढे गेले.

२२ सप्टेंबर, हेग

शेवटचं, चव्वेचाळिसावं पत्र. सकाळी दहालाच येऊन बसले. रविवारच्या फोनवर प्रांजली आता पानं विचारत नाही. शाळेतल्या गणपतीच्या नाचाचं सांगते, सगळं मराठीत, फाडफाड. मी ऐकते. ‘कधी येणार’ असं दोघीही म्हणत नाही.

अकराच्या सुमाराला भाऊजींचा मेसेज आला. वाचनकक्षात फोन वाजू देत नाहीत, टेबलावर नुसता थरथरला. ‘शाळेत कायम प्रवेशाचा फॉर्म भरायचा आहे. आज शेवटचा दिवस. पालक म्हणून कोणाचे नाव घालू? तुला विचारल्याशिवाय काही करणार नाही.’

मी माझं नाव लिहिलं. पूर्ण, रणजितच्या आडनावासकट. पाठवलं नाही. पुण्यात तिला ताप आला तर शाळा कोणाला बोलावेल याचा विचार केला. मला इथून निघून तिथे पोचायला एक दिवस लागतो. नाव पुसलं. पुन्हा लिहिलं. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं.

मग लिहिलं, ‘तुमचं घाला.’

लगेच उत्तर आलं. ‘बरं. तू काळजी करू नकोस. तब्येतीला जप.’

फोन पिशवीत ठेवला. पत्र तीस ओळींचं होतं, अक्षर जरा किरटं, शाई उडालेली. पाच वाजता अर्काइव्ह बंद होईपर्यंत सगळं उतरवून काढलं. काम चांगलं झालं.